हैदराबाद संस्थानातील मॅट्रिकची परीक्षा आणि माध्यमाचा प्रश्न

शालेय जीवनाच्या अखेरीस विद्यार्थ्याकडून कशाची अपेक्षा ठेवली जाते, यावरून त्या काळच्या राज्यव्यवस्थेचे स्वरूप ओळखता येते. हैदराबाद संस्थानातील मॅट्रिकची परीक्षा हे याचे बोलके उदाहरण होय.

उस्मानिया विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी संस्थानातील उच्च शिक्षणाचा मार्ग इंग्रजीतून जात असे. हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. परक्या भाषेत शिकताना विद्यार्थ्याची शक्ती विषय समजून घेण्याऐवजी पाठांतरात खर्च होते, हा विचार सर अकबर हैदरी यांनी आपल्या निवेदनात आग्रहाने मांडला. 1917 साली मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले. 1918 मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली आणि 1919 पासून अध्यापन सुरू झाले. उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठरले, तर इंग्रजी हा विषय सक्तीचा राहिला. ग्रंथांची उणीव भरून काढण्यासाठी 'दारुल तर्जुमा' हा अनुवाद विभाग उभारण्यात आला. विज्ञान, कायदा, वैद्यक अशा विषयांचे उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा हा प्रयोग त्या काळी धाडसी होता, यात शंका नाही.

परंतु या धोरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संस्थानात तेलुगू भाषिक निम्म्याच्या जवळपास, मराठी भाषिक सुमारे एक चतुर्थांश, तर उर्दू भाषिक दहा टक्क्यांच्या आसपास होते. इंग्रजीविरुद्ध मांडलेला मातृभाषेचा युक्तिवाद मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांच्या बाबतीत मात्र लागू केला गेला नाही. बीड किंवा परभणीच्या खेड्यातील मुलगा प्रारंभी मराठीत अक्षरे गिरवी; पुढे इतिहास, गणित, भूगोल हे विषय त्याला उर्दूतून आत्मसात करावे लागत. परिणामी उस्मानिया मॅट्रिकला बसताना त्याला दोन परक्या भाषांचा भार वाहावा लागे.

ही अडचण ओळखून लोकांनी खासगी शाळांचा आधार घेतला. हैदराबादची विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादची सरस्वती भुवन या संस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उभ्या राहिल्या.

विद्यार्थ्यांच्या वर्तनाविषयीचे नियमही वादाचे कारण ठरले. 1938 साली औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी घालण्यात आली. ती न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. शिस्तीचा प्रश्न राजकीय झाला की शाळेचे दार किती सहज बंद होते, हे या घटनेतून दिसून आले.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर चित्र पालटले. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. त्यामुळे उर्दूतून शिकलेल्या पिढीवर तोच भार येऊन पडला. 1956 मध्ये राज्य पुनर्रचना होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1958 मध्ये औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. पुढे महाराष्ट्रात शालान्त परीक्षा उर्दू माध्यमातूनही देण्याची सोय राहिली. त्यामुळे उर्दू शाळेतील मुलाला मराठी ही भाषा म्हणून शिकता येते आणि इतर विषय आपल्या भाषेत लिहिता येतात. हीच सवलत निजामी राजवटीत मराठी मुलास मिळाली नव्हती.

सारांश, उस्मानियाचा प्रयोग तत्त्वतः योग्य होता. त्या तत्त्वाचा लाभ सर्वांना समान मिळाला नाही, हा त्याचा दोष होता. कोणत्याही भाषिक अल्पसंख्याकाने आपल्या मुलांसाठी मातृभाषेचा हक्क मागताना शेजाऱ्याच्या मुलाचाही तोच हक्क मान्य केला पाहिजे, हाच या इतिहासाचा धडा आहे.