शिंका मोजायच्या कशा?

घरातले मूल सकाळी उठताच शिंकू लागते, नाक चोळते, डोळे लाल करून घेते. त्याला परागांचे वावडे आहे, असे डॉक्टर सांगतात आणि इंजेक्शने सुरू होतात. ‘आता जरा बरं आहे,’ असे आई म्हणते. पण बरे म्हणजे किती बरे? प्रश्न वाटतो तितका भोळा नाही, बरं का!

१९११ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लेनर्ड नून यांनी ही चिकित्सा जाहीर केली. ज्याचे वावडे, त्याचाच अर्क थोडाथोडा वाढवीत टोचायचा! परागात विष असते ही त्यांची समजूत पुढे चुकीची ठरली. उपाय मात्र टिकला. मोजमापही त्यांनीच बसवले. अर्काचे पातळ-दाट थेंब डोळ्यात घालायचे आणि कोणत्या थेंबाने डोळा लाल होतो ते पाहायचे. टोचल्यानंतर रोग्याची सहनशक्ती शंभरपटीने वाढू शकते, असे त्यांना आढळले. १९१३ साली नून वारले. काम जॉन फ्रीमन यांनी चालवले.

पण थेंब सोसणारा डोळा म्हणजे बरा झालेला रोगी नव्हे. शिवाय एखाद्या वर्षी पराग कमी उडाले, तर औषधावाचूनही सारेच सुखी! म्हणून १९५४ साली फ्रँकलंड आणि ऑगस्टिन यांनी काहींना परागांचा अर्क आणि काहींना नुसते औषधविरहित पाणी टोचून तुलना केली. अर्काची सरशी झाली.

मुलांचे कोडे याहून अवघड. लहान मूल नाक चोंदल्याचे नीट सांगत नाही; रोजची टिपणे बहुधा आईच लिहिते. त्यात घेतलेली औषधेही मांडावी लागतात. नाहीतर गोळ्या खाऊन गप्प झालेले मूल बरे झालेलेच दिसायचे!

आणि शिंकांपेक्षा मोठी धास्ती दम्याची. २००२ साली युरोपातील २०५ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीन वर्षे इंजेक्शने घेतलेल्यांत दमा कमी जणांना जडला. मात्र दुसऱ्या गटाला खोटी इंजेक्शनेसुद्धा दिलेली नव्हती, त्यामुळे कोण कोणत्या गटात हे सर्वांना ठाऊक होते. लेकराला तीन वर्षे फुकाची सुई टोचायची तरी कशी?

२०१८ साली ८१२ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या होत्या, त्यामुळे निम्म्यांना खोटी गोळी देता आली. दम्याचे निदान किती काळाने झाले, या ठरवलेल्या मापावर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दम्याची लक्षणे आणि त्यावरची औषधे मात्र खऱ्या गोळीच्या गटात कमी होती.