देवदारी खोक्यावरचा शिक्का

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास आपण १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आणि १९६२ च्या औद्योगिक विकास महामंडळापासून सांगतो. त्यात औषधे येतात, यंत्रे येतात, मोटारी येतात. हा माल ज्या खोक्यांतून आला-गेला, त्यांच्या लाकडाची नोंद मात्र सापडत नाही.

खोक्याच्या हलक्या, पिवळसर लाकडाला मराठीत सरसकट ‘देवदारी’ म्हणतात. हिमालयातला खरा देवदार सुगंधी आणि टिकाऊ. चाकणच्या गोदामांबाहेर रचलेली पॅलेट पाहिली, तर ते लाकूड बहुधा पाइन असते. सागापेक्षा हलके, सरळ रेषांचे. खिळा सहज घेते, रंधा सहज मानते. पण गाठी फार, आणि पावसाळ्यात ओल लागली की बुरशी नि वाळवी ठरलेली.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आराखड्याशिवायच्या वृक्षतोडीला चाप लावला. परदेशी लाकडाची गरज वाढली. मूळ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा रेडिएटा पाइन न्यूझीलंडमध्ये पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येतो. तो कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरला जाऊ लागला.

लाकडाबरोबर कीडही प्रवास करते. उत्तर अमेरिकेतल्या एका सूक्ष्म सूत्रकृमीने जपानची पाइनवने उजाड केली. १९९९ मध्ये तो पोर्तुगालमध्ये सापडला. म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला : निर्यातीच्या खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवायचे, किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यायची, आणि शिक्का मारायचा. शिक्क्यात गव्हाची ओंबी, देशाचे संक्षिप्त नाव, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक. शेवटी ‘एचटी’ असेल तर उष्णता, ‘एमबी’ असेल तर धुरी. देशाचे नाव प्रक्रिया झाली तिथले. झाड कुठे वाढले ते त्यावरून कळत नाही.

कारखान्यातून निघालेली ही पॅलेट भंगारात जातात. त्यांतून खाट, टेबल, टपरी उभी राहते, उरलेले चुलीत. इथे एक सावधगिरी हवी. शिक्का कीड मेल्याची ग्वाही देतो. नंतर त्या फळीवर कोणते तेल, कोणते रसायन सांडले याची नाही. डागाळलेली किंवा ‘एमबी’ची फळी चुलीत जाऊ नये, पाळण्यालाही लागू नये.

आणि सुताराने रंधा मारण्यापूर्वी शिक्क्याचे छायाचित्र जरूर घ्यावे. चाकणचा जगाशी झालेला व्यवहार त्या चार अक्षरांत नोंदलेला आहे. रंधा फिरला की तो पुसला जातो.