कासूची उघाडी

पेण सोडून आगगाडी नागोठण्याकडे निघाली म्हणजे मध्यें कासू हें लहानसें स्टेशन लागतें. पूर्वेस डोंगर, पश्चिमेस अंबा नदीच्या खाडीपर्यंत पसरलेला सपाट खारेपाट. तेथें पाहण्यासारखें कांहीं आहे, असें कासूस आजोळ असूनहि बाविसाव्या वर्षापर्यंत मला वाटलें नव्हतें. ती दृष्टि मला परदेशांत, आणि तीहि अपरिचितांच्या संगतींत, लाभली.

इ. स. 1993 मध्यें मी इंग्लंडांत भूगोल शिकत असतां आमच्या वर्गाची सहल हॉलंडास गेली. मी नवखा, एकाहि सहाध्यायाचें नांव धड ठाऊक नव्हतें. पहिले दोन दिवस मी वहींत नकाशे काढीत आणि एकट्यानेंच जेवीत घालविले. तिसऱ्या दिवशीं आम्ही झीलंड प्रांतांतील एका बांधावर उभे होतों. 1 फेब्रुवारी 1953 च्या उधाणांत त्या देशांत 1,836 माणसें दगावलीं, हें सांगून अध्यापक एका जुन्या लांकडी दरवाजाकडे वळले. ओहोटीस आंतील पाण्याच्या दाबानें तो उघडतो, भरतीस बाहेरच्या पाण्यानें मिटतो. मी नकळत मोठ्यानें म्हणालों, "ही तर उघाडी!" शेजारचा तरुण पूर्व इंग्लंडांतील फेन्स भागांतला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या गांवची दलदलहि सतराव्या शतकांत व्हरमाइडेन नांवाच्या डच माणसानेंच उपसविली होती. त्या रात्रीं खाणावळीच्या टेबलावर मीं कासूचा नकाशा काढला आणि चौघेजण त्यावर वांकले.

पुढें अभ्यासांत जें सांपडलें तें अधिक महत्त्वाचें. हॉलंडांत तेराव्या शतकापासून बांध राखणारीं पाणीमंडळें आहेत. ज्याची जमीन, त्यानें बांधाचा आपला भाग राखावा. ज्याला तें झेपेना, त्यानें बांधांत फावडें रोंवून निघून जावें. जो तें उपटील त्याची जमीन, आणि बांधहि त्याचाच! आपल्या कुलाब्यांत शिलोत्री पद्धति होती. शिलोत्रदार बाहेरचा बांध राखी व त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागें ठरीव भात घेई. राता जातीचें तांबडें भात खारटपणा सोसून उभें राही तें या बांधाच्या आडोशानेंच. शिलोत्रदार कांहीं संत नव्हते. परंतु बांध कोणाचा, हें गांवांतल्या पोरालाहि ठाऊक असे.

1948 त मुंबई सरकारनें खारभूमींचा कायदा केला, 1979 त महाराष्ट्रानें नवा केला, आणि बांध सरकारी योजनेचा झाला. हें मुळांतच चुकलें असें मी म्हणत नाहीं. तुटपुंज्या कुळांना दगडी बांध पेलला नसता. पण डच लोकांनीं आपलीं मंडळें मोडलीं नाहींत. तीं कमी करीत एकवीसावर आणलीं, तरी आजहि त्यांची निवडणूक होते व तीं स्वतःचा कर बसवितात. आपल्याकडे मात्र उधाणानें बांधाला खांडी गेली, कीं अर्ज निघतो. तो फिरत असतां खारें पाणी शेतांत राहतें, भाताच्या जागीं कांदळवन उगवतें, आणि मग तें तोडण्यासहि कायद्याची आडकाठी येते.

सहलीनंतरच्या सुटींत कासूस गेलों, तेव्हां मामांना मीं ही फावड्याची गोष्ट मोठ्या उत्साहानें सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली.

"रोंवणारे इथें पुष्कळ मिळतील रे," ते म्हणाले, "उपटायला कोण येईल तें सांग."

आणि भरतीची वेळ झाली म्हणून ते कंदील घेऊन उघाडीकडे निघाले.