२००१ : दोन याद्यांचे वर्ष

साहित्याच्या अध्यापकाला याद्यांचा तिटकारा असतो, आणि तरीही त्याचे निम्मे आयुष्य याद्या करण्यातच जाते. अभ्यासक्रम ही यादीच असते. संदर्भग्रंथ, प्रातिनिधिक कवी, महत्त्वाच्या कादंबऱ्या याही याद्याच. कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे, या वादात आमच्या अभ्यासमंडळांच्या कित्येक दुपारी खर्ची पडल्या आहेत. वर्षअखेरीस मासिकांतून येणाऱ्या 'आवडलेल्या पुस्तकां'च्या याद्या आम्ही हसत हसत वाचतो, पण वाचतो हे खरेच. येथे मांडायची यादी मात्र पुस्तकांची नाही. ती अमेरिकेतील भूमिगत हिप-हॉपच्या पाच अल्बमांची आहे, आणि सरत्या वर्षाची नसून २००१ या सालाची आहे. मोठ्या बाजाराच्या बाहेर राहिल्याने कवितेच्या रूपात काय बदल होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा आमच्या वर्गात वारंवार येणारा प्रश्न या पाच अल्बमांच्या आधारे तपासता येतो, असे आम्हांला वाटते.

'भूमिगत' हा शब्द मराठी कानावर पडला की १९४२ आठवते. मुंबईतून गुप्तपणे चाललेला उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ आठवतो. हिप-हॉपमधील भूमिगतांना पोलिसांपासून लपायचे नव्हते. त्यांचा पेच नेमका उलटा होता : रेडिओ होता, पण त्यावर त्यांना जागा नव्हती.

याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने एका इमारतीतील समारंभात दोन तबकड्या वापरून गाण्यातील तालाचा तुकडा लांबवला, तेथून हिप-हॉपचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. म्हणजे आरंभी सारेच हिप-हॉप भूमिगत होते. १९७९ नंतर त्याच्या तबकड्या खपू लागल्या आणि नव्वदच्या दशकात तो मोठा व्यवसाय झाला. १९९६ मध्ये अमेरिकेत दूरसंचाराचा नवा कायदा झाला. एका मालकाकडे देशभरात चाळीसच रेडिओ केंद्रे असू शकतील, ही मर्यादा त्याने काढून टाकली. पुढल्या काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एकट्या कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. गावोगावच्या निवेदकाच्या आवडीनिवडीची जागा मुख्यालयातून येणाऱ्या यादीने घेतली. त्या यादीत बसायचे तर गाणे तीन-चार मिनिटांचे हवे, ध्रुवपद लवकर यायला हवे आणि ते एकदा ऐकून तोंडात बसायला हवे.

ज्यांना ही अट मान्य नव्हती किंवा झेपणारी नव्हती, ते भूमिगत ठरले. 'कंपनी फ्लो' या न्यूयॉर्कच्या त्रयीने १९९७ च्या 'फंक्रशर प्लस'च्या वेष्टनावरच स्वातंत्र्याची शिवराळ घोषणा छापली होती. तो अल्बम काढणाऱ्या रॉकस या छोट्या कंपनीमागे मात्र माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांचे पुत्र जेम्स यांचे भांडवल होते. भूमिगतपणाचा सोवळेपणा असा पहिल्यापासूनच संशयास्पद आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. त्रयीतील एल-पी रॉकसमधून बाहेर पडला आणि त्याने भागीदारीत 'डेफिनिटिव्ह जक्स' ही स्वतःची कंपनी काढली.

आमच्या यादीतील पहिले दोन अल्बम या कंपनीचे आहेत. मे २००१ मधील 'द कोल्ड व्हेन' हा कॅनिबल ऑक्सचा, म्हणजे हार्लेममधील व्हास्ट एअर आणि व्होर्डल मेगा या दोन तरुणांचा. संगीत एल-पीचे आहे : खरखरीत, संथ, यंत्राच्या गुरगुरण्यासारखे. त्यावर हे दोघे गोठलेल्या शहराचे वर्णन करतात. ध्रुवपदे कित्येकदा नाममात्र आहेत. एका प्रतिमेतून दुसरी निघत जाते आणि ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा ऐकावे लागते. अल्बमच्या अखेरीस कबुतराची प्रतिमा येते : शहराच्या खरकट्यावर जगणारा, सर्वांच्या नजरेसमोर असूनही कोणाला न दिसणारा पक्षी. त्यानंतर येणाऱ्या गाण्याच्या नावात फिनिक्स आहे. कबुतरापासून फिनिक्सपर्यंतचा हा प्रवास रेडिओवरच्या सुट्या गाण्यात मावला नसता. त्याला संग्रहाचीच लांबी हवी होती.

दुसरा अल्बम एसॉप रॉक याचा 'लेबर डेज', सप्टेंबर २००१. पोटासाठी करावे लागणारे काम आणि मनापासून करावेसे वाटणारे काम यांतील फरक हा त्याचा विषय आहे. 'नो रिग्रेट्स' या गाण्यात ल्यूसी नावाची एक स्त्री लहानपणापासून म्हातारपणापर्यंत चित्रे काढत राहते. जग तिला एकलकोंडी म्हणते आणि ती ते मनाला लावून घेत नाही. एवढीच कथा आहे, पण पगारी नोकरीत राहून लिहू पाहणाऱ्या कोणालाही ती स्वस्थ बसू देणार नाही. एसॉप रॉकची शब्दकळा हा स्वतंत्र विषय आहे. २०१४ मध्ये मॅट डॅनियल्स यांनी अनेक रॅपकर्त्यांचे पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यांतील वेगवेगळे शब्द मोजले, तेव्हा एसॉप रॉक ७,३९२ शब्दांसह अव्वल ठरला. त्याच मापाने शेक्सपियरचे शब्द ५,१७० भरले. शब्दसंख्या म्हणजे काव्य नव्हे, हे आम्ही विद्यार्थ्यांना लगेच बजावतो. तथापि एकदा ऐकून समजलेच पाहिजे, ही अट सुटल्यावर भाषा किती पसरू शकते, याची साक्ष म्हणून तो आकडा टाकाऊ नाही.

तिसरा अल्बम कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या 'द कू' या गटाचा 'पार्टी म्युझिक'. बूट्स रायली हा उघडपणे साम्यवादी विचारांचा कवी आणि पॅम द फंकस्ट्रेस ही त्याची डीजे. भांडवलशाहीचा विध्वंस सुचवणारे त्याचे मुखपृष्ठ काही महिने आधीच तयार होते. त्यात हे दोघे पुढे उभे होते आणि मागे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे स्फोटात उडताना दाखवले होते. रायलीच्या हातात स्फोटाच्या कळीच्या जागी गिटार सुरात लावण्याचे उपकरण होते. ११ सप्टेंबर उजाडला आणि रूपकाचे वृत्त झाले. मुखपृष्ठ मागे घेतले गेले आणि नोव्हेंबरमध्ये अल्बम दुसऱ्या चित्रासह आला. प्रतिमेचा अर्थ कवीच्या हातात किती राहतो, हे शिकवायला याहून नेमके उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. त्याच अल्बममध्ये रायलीने आपल्या लहान मुलीला उद्देशून एक हळवे गाणे केले आहे, हे मात्र मुखपृष्ठाच्या गदारोळात बहुतेकांच्या लक्षातून निसटले.

याच सुमारास दुसरी यादी आली. हल्ल्यानंतरच्या दिवसांत क्लिअर चॅनेलच्या केंद्रांत दीडशेहून अधिक गाण्यांची एक यादी फिरली. ही गाणी सध्या वाजवताना विचार करावा, असा तिचा आशय होता. तीत जॉन लेननचे 'इमॅजिन' होते आणि 'रेज अगेन्स्ट द मशीन' या गटाची तर सगळीच गाणी होती. ती अधिकृत बंदी नव्हती, हे खरे. पण बाराशे केंद्रे एका मालकाची असली की सूचना आणि बंदी यांत अंतर फारसे उरत नाही. आमच्या यादीतील पाचही अल्बमांना या यादीचे भय नव्हते, कारण रेडिओवर त्यांचे पोट नव्हते.

चौथा अल्बम त्याच सप्टेंबरचा, इमॉर्टल टेक्निक याचा 'रेव्होल्यूशनरी, खंड पहिला'. पेरूमध्ये जन्मलेला आणि हार्लेममध्ये वाढलेला हा तरुण मारहाणीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, तेथे त्याने वाचन केले, आणि बाहेर आल्यावर कोणत्याही कंपनीविना अल्बम काढून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हातोहात विकला. त्यातील 'डान्स विथ द डेव्हिल' ही दीर्घ कथा स्त्रीवरील अत्याचाराची आहे आणि ऐकवत नाही इतकी क्रूर आहे. ती अत्याचाराचा निषेध करते की त्याचाच परिणाम म्हणून वापर करते, यावर आमच्यातच एकमत नाही. या पाच अल्बमांच्या कर्त्यांत पॅम ही एकटीच स्त्री आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. जीन ग्रे या समर्थ कवयित्रीचा पहिला अल्बम यायला २००२ उजाडावे लागले. मुख्य प्रवाहाला नाकारणारे त्याची सगळीच व्यंगे नाकारतात असे नाही.

पाचवा, ऑक्टोबरमधील मास्टा एस याचा 'डिस्पोजेबल आर्ट्स', आम्हांला धंद्याने जवळचा. १९८८ पासून नाव असलेल्या या ब्रुकलिनच्या कवीने येथे तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाची कथा रचली आहे. जुन्या वस्तीत मन रमेना, म्हणून तो 'टाकाऊ कलां'च्या एका काल्पनिक विद्यापीठात प्रवेश घेतो. गाण्यांच्या मध्ये छोटे नाट्यप्रवेश आहेत, वसतिगृहातील सोबती आहे. वापरून फेकण्याची वस्तू ठरलेली कला विद्यापीठात शिकवली जाते, ही कल्पना विनोदी खरी, पण आमच्यासारख्यांना ती हसता हसता बोचते. विडंबनाची खरी धार मात्र पुढे आली. हा अल्बम काढणारी छोटी कंपनी लवकरच बुडाली आणि टाकाऊपणाविषयीची ही कलाकृती काही काळ बाजारात मिळेनाशी झाली.

मराठी वाचकाला येथे आपली अनियतकालिके आठवतील : 'शब्द', 'असो', 'वाचा'. तुलना मर्यादेतच केलेली बरी. त्यांचे सांस्कृतिक संदर्भ निराळे, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे ओझे निराळे. परंतु एक साम्य खरे आहे. दोन्हीकडे छापण्याचे वा मुद्रणाचे साधन स्वतःच्या हाती आल्यावर आधी रूप बदलले आणि मग आशय धीट झाला. आणि दोन्हीकडे ते साधन अल्पजीवी ठरले. डेफिनिटिव्ह जक्सचे काम २०१० मध्ये थांबले. अनियतकालिकांचे अंक आज आम्ही जुन्या कपाटांत शोधत फिरतो.

म्हणून आम्हांला आता वर्षअखेरीच्या याद्यांना हसवत नाही. मोठ्या कंपनीच्या मालाची नोंद हिशेबाच्या वह्यांत राहते. छोट्या कंपनीबरोबर तिच्या वह्याही जातात, आणि मागे उरते ती कोणीतरी आवडीने करून ठेवलेली यादी. काय वाजवू नये याची यादी २००१ मध्ये बाराशे केंद्रांपर्यंत पोचली होती. काय ऐकावे याची यादी ऐकणाऱ्यांनी एकमेकांना हातोहात दिली, आणि त्यामुळेच हे पाच अल्बम आमच्या वर्गापर्यंत येऊ शकले. पुढल्या सत्रात पद्यरचनेच्या तासाला, ओवी आणि मुक्तच्छंद शिकवून झाल्यावर, 'लेबर डेज'मधील ल्यूसीची गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना ऐकवणार आहोत. अभ्यासमंडळाने तिला अजून यादीत घेतलेले नाही.