घरी घेतलेला नमुना: 1962 ते 2022

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बाईने स्वतःच नमुना घ्यायचा, ही कल्पना तुम्हाला अगदी ताजी वाटते ना? साहित्याचा आढावा एचपीव्ही चाचणीपासून सुरू करू नका. अमेरिकेत ह्यू डेव्हिस यांनी 1962 मध्येच पिपेटने योनी धुऊन तो द्रव टपालाने पाठवायची पद्धत मांडली होती. (हो, पुढे डाल्कन शील्डमुळे वादात सापडले ते हेच.)

मग अडलं कुठे? पॅप चाचणीत पेशी बघायच्या असतात, त्या थेट गर्भाशयमुखावरून घ्याव्या लागतात. योनीतल्या द्रवात हव्या त्या पेशी येतीलच असं नाही. एचपीव्ही चाचणी विषाणू शोधते, आणि तो योनीतल्या नमुन्यातही सापडतो.

तरी ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2017 मध्ये हा पर्याय दिला तो तपासणी रखडलेल्या बायकांपुरताच. वेळेवर येणारीला जुलै 2022 पर्यंत स्पेक्युलमच!