पाटोद्याचा अर्ज

बालाघाटाच्या डोंगरांत जेथें मांजरा नदी उगम पावते, त्या पाटोदा तालुक्याचें मुख्य ठिकाण नकाशावर लहान दिसतें. (छत्रपति संभाजीनगरनजीक आदर्श गांव म्हणून गाजलेलें पाटोदें निराळें, येथें विषय बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा आहे.) परंतु सरकारदरबारीं प्रजेनें आपलें काम कसें करून घ्यावें, या विद्येचा इतिहास पाहावयाचा असेल, तर मोठ्या राजधान्यांपेक्षां असें ठिकाणच अधिक बोलकें ठरतें. गेल्या शंभर वर्षांत येथील माणसाला दफ्तराची भाषा, लिपि, नाणें, पंचांग आणि कायदा, सारेंच बदललेलें पाहावें लागलें. आणि प्रत्येक वेळीं जुना कागद हातीं धरून नव्या दाराशीं उभें राहावें लागलें.

१९४८ पर्यंत पाटोदा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें. पहिल्या सालारजंगानें १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी करून तालुकदार, तहसीलदार अशी अधिकाऱ्यांची उतरंड घालून दिली. तिच्यामुळें जुन्या इजारदारीच्या अंदाधुंदीपेक्षां कारभार पुष्कळ सुसूत्र झाला, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फारशीच्या जागीं जी दरबारी भाषा आली ती उर्दू. पाटोद्याचा शेतकरी घरीं मराठी बोले, गांवचा पटवारी हिशेब मोडींत लिही, आणि तहसिलींतील मिसल उर्दूंत चाले. या तीन पायऱ्यांमध्यें जो माणूस उभा राही, तो अर्जनवीस.

अर्जनवीसाचें महत्त्व आज सहजीं ध्यानांत येणार नाहीं. कचेरीच्या आवारांत झाडाखालीं बसलेल्या या गृहस्थापाशीं शाई, बोरू आणि योग्य किंमतीचा स्टँप असे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मायना त्याला मुखोद्गत असे. बाप वारला, जमिनीवर मुलाचें नांव चढवावयाचें, तर मुलानें मराठींत सांगावें आणि यानें तें उर्दूंत उतरावें. लिहिलेलें बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें साधन मुलाजवळ नसे. आपल्याच नांवाच्या अर्जाखालीं, आपल्याला न वाचतां येणाऱ्या मजकुरावर अंगठा उठवून तो घरीं जाई. पुढें निकाल विरुद्ध गेला, तर दोष जमिनीचा, साहेबाचा कीं लिहिणाराचा, हें त्याला कधींच उमगत नसे.

सभेलासुद्धां अर्ज लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नांवानें कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकान्वयें संस्थानांत सभा भरविण्यास आगाऊ परवानगी आवश्यक होती. म्हणजे तक्रार एकत्र बसून करावयाची, तर प्रथम तक्रार करूं देण्याबद्दल अर्ज करावा लागे! याच बीड जिल्ह्यांत अंबाजोगाईस, म्हणजे तत्कालीन मोमिनाबादेस, शिक्षक म्हणून काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे अग्रणी झाले, ही गोष्ट या संदर्भांत लक्षांत घेण्याजोगी आहे.

सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत विलीन झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. तीन राजवटी बारा वर्षांच्या आंत! राज्यें बदलणें सोपें असतें. कागद बदलणें फार अवघड. हैदराबादचा जमीनमहसुलाचा कायदा १३१७ फसलीचा होता, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ अमलांत येईपर्यंत मराठवाड्यांत त्याचा आधार घेतला जात असे. फसली आंकड्यांत ५९० मिळवले कीं इसवी सन येतो. परंतु वर्षाचा आरंभ ऑक्टोबरांत होत असल्यामुळें कित्येक महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. आजूर, दै, बहमन, खुर्दाद हीं महिन्यांचीं नांवें ज्यानें ऐकलींच नाहींत, त्या नातवाला आजोबांची जन्मतारीख काढतांना एका वर्षाची चूक सहज होते. आणि एका वर्षाची चूक कचेरींत क्षम्य नसते. मराठवाड्यांत १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाला जें आजही महत्त्व आहे, त्याचें कारण हेंच कीं, जुन्या आणि नव्या दफ्तरांना सांधणारा तो पूल आहे.

गंमत अशी कीं, दफ्तर मराठी झालें तरी त्याचे शब्द बदलले नाहींत. अर्ज, नक्कल, दाखला, मुदत, तहसील, वसुली हे सारे फारशी-अरबींतून आलेले पाहुणे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं राजव्यवहारकोश रचून अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. पण ‘अर्ज’ कांहीं हलला नाहीं. गरजवंताच्या तोंडीं बसलेला शब्द राजाज्ञेलाही दाद देत नाहीं.

यानंतरचें स्थित्यंतर दिसावयास लहान, परंतु रोजच्या जीवनाला अधिक जवळचें आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानें पाटोद्याच्या घरपट्टीचा, दिव्याचा, गटाराचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या हातीं दिला होता. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें, खेडें संपून शहर होऊं पाहणाऱ्या ठिकाणांसाठीं नगरपंचायत ही नवी संस्था कल्पिली. २०१४ नंतर महाराष्ट्र शासनानें तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींना हें रूप दिलें. आष्टी, केज, वडवणी, शिरूर कासार यांच्या जोडीला पाटोदाही नगरपंचायत झालें. सरपंचाच्या जागीं नगराध्यक्ष आला, ग्रामसेवकाच्या जागीं मुख्याधिकारी, आणि कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखालीं गेला.

या बदलांत नागरिकानें काय मिळविलें आणि काय गमाविलें? शहरासाठीं असलेला निधि आणि नगररचनेची शिस्त हा लाभ उघड आहे. परंतु ग्रामपंचायतीच्या काळीं वर्षांतून किमान चार वेळां ग्रामसभा भरे, आणि तेथें कोणाही मतदाराला उठून सरपंचास हिशेब विचारतां येई. सभा गोंधळाची असे, पुष्कळदां कागदोपत्रींच होई, हें खरें. तरी अधिकार कायद्यानें दिलेला होता. नगरपंचायतीच्या सभेंत बोलण्याचा अधिकार निवडून आलेल्या सदस्यांचा. सामान्य गृहस्थानें आपल्या प्रभागाच्या सदस्यामार्फत बोलावें, नाहीं तर लेखी लिहावें. तोंडी विचारण्याची वहिवाट गेली आणि पुन्हां अर्ज आला. ज्यांना लिहितां येतें, त्यांना हें जाणवतही नाहीं. ज्यांना येत नाहीं, त्यांच्यासाठीं सभामंडप आणि टपालपेटी यांत फार अंतर आहे.

घरपट्टीचेंच उदाहरण घ्यावें. नव्या आकारणीची यादी प्रसिद्ध होते, हरकतींस मुदत दिली जाते, आणि मुदतींत लेखी हरकत आली तर तिची सुनावणी होते. यादी पाहण्यास जो गेलाच नाहीं, त्याची मान्यता गृहीत धरली जाते. बांधकामाच्या परवानगीचेंही तसेंच. पूर्वी ग्रामपंचायतीच्या ठरावावर उठलेली भिंत आतां नकाशाच्या मोजमापांत बसवून दाखवावी लागते, आणि जागेच्या मालकीचा पुरावा शोधीत माणूस पुन्हां जुन्या दफ्तराशीं येऊन पोंचतो.

त्याच्या हातीं नवीं शस्त्रें आलीं आहेत, हेंही सांगितलें पाहिजे. स्वीडनसारख्या देशानें १७६६ सालींच प्रजेला सरकारी कागद पाहण्याचा हक्क दिला. महाराष्ट्रांत माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालीं आणि देशांत २००५ सालीं झाला. त्याप्रमाणें तीस दिवसांत उत्तर मिळालें पाहिजे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें तर दाखला किती दिवसांत द्यावयाचा, तें फलकावर लिहिणें भाग पाडलें, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंडाची तरतूद केली. अर्जनवीसाच्या झाडाखालच्या जागीं आतां सेवाकेंद्रांतील संगणकावर बसलेला तरुण आला आहे. तो मराठींत लिहितो, ही प्रगति. तो काय भरतो हें मागें बसलेल्या म्हातारीला दिसत नाहीं, ही मात्र जुनीच गोष्ट.

२०२३ च्या सप्टेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली आणि मराठवाड्यांत निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानें हैदराबाद गॅझेटियरचा आधारही पुढें आला. आरक्षणाच्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. परंतु मुलाच्या शिक्षणाची आणि नोकरीची आशा पणजोबांच्या नांवापुढील एका शब्दावर टांगलेली पाहून मराठवाड्यांतील घराघरांत जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. आंतून निघालेले कागद कांहीं मोडींत होते, कांहीं उर्दूंत. ते वाचून दाखवील असा माणूस गांवांत क्वचितच उरला होता, आणि जो होता, त्याच्या दाराशीं लोक पुन्हां रांग लावून बसले.