पेजेचा कागद आणि तुरटीचा कागद

माझ्या नानांच्या लोखंडी पेटीत दोन जुन्या वस्तू निघाल्या. एक फारसीत लिहिलेली जमिनीची सनद. दुसरे मामांचे शाळेतले उर्दू पुस्तक, 1950 नंतर छापलेले. सनद उलगडली तेव्हा ती कापडासारखी सळसळली. कडा कसरीने कुरतडल्या होत्या, पण अक्षर काळेभोर. पुस्तकाचे पान मात्र उलटताना तुटून हातातच आले. दोन्हींत वयाने लहान ते पुस्तक, आणि आधी गेले तेच. मी इतिहास शिकवतो. सनदीत काय लिहिले आहे याची चौकशी मी लगेच केली. ती कशावर लिहिली आहे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आपल्याकडे मुसलमानांचा इतिहास म्हटला की किल्ले, नवाब आणि लढाया. कारागिराची आठवण क्वचितच निघते. 'कागझी' हे आडनाव आपण रोज ऐकतो, त्याचा अर्थ विचारत नाही. कागद हा शब्द फारसी 'काग़ज़'वरून आला. चोवीस तावांचा 'दस्ता' म्हणजे फारसीतला हात, मूठ. आणि ज्याला आपण इंग्रजी समजतो तो 'रीम' मुळात अरबी 'रिज़्मा', म्हणजे गठ्ठा. स्पेनमार्गे तो युरोपात गेला आणि इंग्रजांबरोबर आपल्या दुकानांत परत आला.

हा हुनर चीनमधून समरकंदला आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला पोहोचला. दख्खनमध्ये त्याची जुनी खूण म्हणजे दौलताबाद ते खुलताबाद रस्त्यावरचे कागझीपुरा हे गाव. मुहम्मद तुघलकाने 1327च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कारागीर आले, असे तिथले लोक सांगतात. पुढे जुन्नर आणि खानदेशातले एरंडोल नावारूपाला आले. आमच्या अकोला जिल्ह्यात मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचे बाळापूर पागोट्यांसाठी प्रसिद्ध होते. कागदही तिथे होत असे. मराठ्यांच्या दफ्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागदाचे रुमालच्या रुमाल आहेत. मोडी लिहिणारा हात कारकुनाचा, पण त्याखालचा ताव कागझ्याचा. मराठी इतिहासाची साधने म्हणून आज आपण जे जपतो, त्यात या बिरादरीचा वाटा असा अक्षरशः पायाखालचा आहे.

कागद व्हायचा तो चिंध्या, जुने दोर आणि तागाच्या गोणपाटातून. चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून ढेकीखाली कुटायच्या, मग तो लगदा कापडात बांधून नदीत धुवायचा. पुन्हा चुना, पुन्हा ढेकी, पुन्हा नदी. हे चक्र कित्येक दिवस चाले. जमिनीत केलेल्या हौदाच्या काठी कागझी उकिडवा बसे. सागवानी चौकटीवर गवताच्या काड्या घोड्याच्या केसांनी विणलेली जाळी ठेवून तो ती लगद्यात बुडवी, हलवून उचले आणि ओला ताव आधीच्या तावावर अलगद उलटवी. युरोपात दोन तावांमध्ये लोकरीचे कापड घालीत. इथे ओल्यावर ओला ठेवूनही ताव सुटे निघत, कारण ही जाळी चटईसारखी गुंडाळता येई. पुढे ताव सारवलेल्या भिंतीवर वाळवायचे, त्यांना भाताची किंवा गव्हाची पेज लावायची, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. या दगडाला मोहरा म्हणत. घोटण्याचे काम बहुधा घरातल्या बायकांकडे असे. त्यांची नावे कुठल्याच सनदीवर नाहीत.

पेज नसती तर शाई फुटली असती. पण पेज कसरीलाही आवडते, हेही खरे. नानांच्या सनदीच्या कडा त्यामुळेच गेल्या.

युरोपात मात्र पेजेची गरज संपत होती. 1807 मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिग याने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळायची रीत जाहीर केली. 1844 मध्ये केलर याने लाकूड घासून लगदा काढला. कागद स्वस्त झाला, शाळा वाढल्या, गरिबाच्या मुलाच्या हातात पुस्तक आले. त्या कागदाला नुसती नावे ठेवणे मला शिक्षक म्हणून जमणार नाही. पण आपला कागझी केवळ यंत्रापुढे हरला असेही नाही. सर चार्ल्स वुड 1859 ते 1866 या काळात भारतमंत्री होते. हिंदुस्थानातल्या सरकारी कचेऱ्यांचा कागद विलायतेतच खरेदी करावा, असा त्यांचा हुकूम निघाला. कचेरी हेच कागझ्याचे मोठे गिऱ्हाईक होते.

मग संशोधन आले, पण ते गिरण्यांसाठी. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबूवर वर्षानुवर्षे काम केले. बांबूत कापसापेक्षा लिग्निन पुष्कळ. ते तंतूंना डिंकासारखे चिकटवून ठेवते. आधी सौम्य खारात पिष्ट वगैरे विरघळवून नंतर तीव्र खारात लिग्निन काढावे, अशी टप्प्याटप्प्याने शिजवण्याची पद्धत त्यांनी बसवली. 1925 मध्ये बांबू-कागदाला संरक्षण देणारा कायदा झाला. विदर्भात 1945 मध्ये स्थापन झालेली बल्लारपूरची गिरणी याच बांबूवर वाढली.

कागझ्याकडे लक्ष गेले ते वर्ध्याला. गांधीजींच्या प्रेरणेने 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत हातकागदाचे प्रयोग झाले. के. बी. जोशींनी ते काम पुढे नेले आणि 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली.

माझ्या पेटीतल्या कोड्याचे उत्तर मात्र अमेरिकेतले निघाले. विल्यम बॅरो यांनी 1900 ते 1949 मध्ये छापलेल्या 500 पुस्तकांचा कागद तपासला. त्यातल्या 97 टक्के पुस्तकांचे आयुष्य पन्नास वर्षांहून अधिक नाही, असा निष्कर्ष 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. दोष मुख्यतः तुरटीतून येणाऱ्या आम्लाचा. जुन्या टिकाऊ कागदांत त्यांना चुन्याच्या जातीचे क्षार सापडले. ते आम्लाला मारतात. चुन्यात भिजवणाऱ्या कागझ्याला हे रसायन ठाऊक नव्हते, त्याला ताव ठाऊक होता.

आणि आपले वऱ्हाड तर कापसाचे. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज, म्हणजे कागदाचा जवळजवळ तयार तंतू. पऱ्हाटीपासूनही लगदा होतो, हे मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने दाखवले आहे. अडचण ती गोळा करून वाहून नेण्याची. ती फुगीर, वजनाला हलकी, आणि गाडीभाडे तर चुकत नाही. अकोला-अमरावतीच्या धुऱ्यांवर ती पेटवली जाते किंवा चुलीत जाते.

गेल्या वर्षी मी सातवीच्या मुलांकडून एक जुना सुती कुर्ता आणवला. बारीक कातरून चुन्यात आठ दिवस ठेवला, धुतला, उखळात कुटला, पिठाच्या चाळणीवर ताव उचलला. एका मुलीच्या आईने भाताची पेज पाठवली. मुलांनी कवडीने घासून घासून हात दुखवून घेतले. ताव जाड आणि ओबडधोबड झाला. त्यावर एकाने बोरूने आपले नाव उर्दूत लिहिले, आडनाव कागझी. पेज लागली होती तिथे अक्षर नीट उमटले. शेवटच्या 'ये'वर पेज पोहोचली नव्हती, तिथे शाई फुटली. वाळला की पुन्हा पेज लावू, असे म्हणून त्याने तो ताव खिडकीशेजारच्या भिंतीला चिकटवला.